द्वारकेचं पाणी

द्वारकेचं पाणी खाजरं आहे, हे आजीने एकदा ठरवलं ते ठरवलं. पाणीखात्याचा मोठा साहेब स्वतः येऊन तिच्यासमोर दोन ग्लास गटागट प्यायला असता, तरी ती म्हणाली असती, "आत्ता नाही कळायचं. संध्याकाळी घसा धरून बसाल."

आजीचं नाव चंद्रप्रभा. वय पंच्याहत्तर. राहणार द्वारका, सेक्टर बारा, सहावा मजला. पण औषधाच्या दुकानात कुणी पत्ता विचारला की तिच्या तोंडून अजूनही "सरोजिनी नगर" असंच बाहेर पडायचं. मग ती दुकानदारावरच चिडायची, जणू तिथून तिला त्यानेच उठवलं होतं.

चिडणं घराण्यातच होतं. नात उल्का तर आजीच्याही वरचढ. वय सतरा. दहावीत गणिताच्या मॅडमनी तिची वही वर्गाबाहेर भिरकावली, तर हिने मॅडमचं हजेरीपुस्तक दुसऱ्या मजल्यावरून खाली सोडलं. त्या दिवसापासून शाळेचं आणि तिचं तुटलं. आई रडली, बाबांनी आठवडाभर बोलणं टाकलं. उल्का मात्र पंधरा दिवसांत सरोजिनी मार्केटात पप्पीभैयाच्या स्टॉलवर उभी राहून ओरडायला लागली, "सौ का टॉप, सौ का टॉप, दीदी हाथ तो लगाओ!" गिऱ्हाईक ती चपला बघून ओळखायची. हे घेणार, हे नुसतं चिवडणार. नजर तेज होती पोरीची.

द्वारकेत काय कपड्यांची दुकानं नव्हती? होती की. रोज मेट्रो बदलून एवढ्या लांब यायची काही गरज नव्हती. पण मार्केटच्या मागे जुने सरकारी क्वार्टर होते. होते म्हणजे, होते. आता तिथे निळे पत्रे ठोकलेले, आणि पत्र्यांमागे दिवसभर जेसीबी घरघरत असायचा. उल्का दर थोड्या वेळाने मान वळवून त्या धुळीकडे बघायची. पप्पीभैया विचारायचा, "क्या देखती रहती है यार? खजाना गड़ा है तेरा?"

"हां, गड़ा है," ती म्हणायची. तो हसायचा. ती हसायची नाही.

आजीची दिल्ली ऐकायची तर दुपारी तिच्यापाशी बसावं. चौसष्ट साली ती चौलहून लग्न होऊन इथे आली. आजोबा, भाऊसाहेब, सेक्रेटरिएटमध्ये क्लार्क. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे हिरवळ, मागे इवलंसं परसू, आणि आजूबाजूला अख्खा देश.

"उन्हाळ्यात सगळा ब्लॉक बाहेर झोपायचा गं," आजी सांगायची. "ऊन कललं की बादल्यांनी हिरवळ भिजवायची आणि ओळीने खाटा टाकायच्या. मद्राशी, बंगाली, पंजाबी, मग आपण. कोण घोरतं, कोण झोपेत साहेबाला शिव्या देतं, सगळं सगळ्यांना ठाऊक. कसली चोरी न् कसलं काय. दार सताड उघडं! आणि हिवाळ्यात जेवणं झाली की आम्ही बायका लोकरीचे गुंडे घेऊन उन्हात. पांढरा मुळा चिरायचा, वर लिंबू पिळायचं. सेठीण बोलायला लागली की टाके चुकलेच समज. भाऊसाहेबांच्या एका स्वेटरचा हात दुसऱ्यापेक्षा चार बोटं लांब होता, तो सेठिणीमुळे."

सेठीण म्हणजे शेजारच्या मिसेस सेठी. फाळणीत लायलपूरहून आलेल्या. ब्लॉकच्या टोकाला बायकांचा सामाईक तंदूर होता. आजीने पहिल्या आठवड्यात तिथे ज्वारीची भाकरी थापून नेली. ती चिकटते कुठे! धप्पकन निखाऱ्यात. सेठीण हसून हसून खाली बसली, आणि मग उठून आपल्या चार रोट्या आजीच्या परातीत टाकल्या. त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या.

"फक्त एक खोड होती तिला," आजी सांगायची. "कुठलंही पाणी प्यायली की म्हणायची, साड्डे लायलपुर दा पानी, बहनजी, शरबत सी शरबत! आम्ही पाठीमागे हसायचो. म्हटलं, पाणी ते पाणी."

उल्काच्या वाट्याला यातलं निम्मंसुद्धा आलं नव्हतं. तिच्या वेळी खाटा गेल्या होत्या, तंदूर गेला होता, सेठीणही देवाघरी गेली होती. पण परसामागचं जांभळाचं झाड होतं. कुणाच्याही घरात शिरून पोळी मागता येत होती. पडून गुडघा फुटला तर आपल्या घरी जायच्या आधी तीन घरांत हळद लागलेली असायची. सेक्टर बारात लिफ्टमध्ये लोक एकमेकांच्या बुटांकडे बघत उभे राहतात. उल्काला वाटायचं, हे काय शहर आहे? शहर ते होतं.

आणि त्या शहराच्या मधोमध, निदान आजीच्या हिशेबी, अळू होतं.

काळ्या देठाचं अळू. त्याचे गड्डे आजीने चौलच्या परसातून उपटून लग्नाच्या ट्रंकेत घातले होते. त्यांची माती शालूला लागली, तो डाग अजून आहे. क्वार्टरमध्ये न्हाणीचं पाणी जिथे वाहून जायचं तिथे तिने ते लावले आणि दोन वर्षांत अळू कंबरेएवढं झालं. दिल्लीत अरबीचे, म्हणजे अळकुडीचे, गड्डे पोत्यांनी मिळतात, पण पान तेव्हा कुणी विकत नसे. म्हणून गौरीच्या आदल्या दिवशी कॉलनीतली सगळी मराठी घरं पिशव्या घेऊन आजीच्या परसात हजर. तिचा नियम एकच होता. पहिली वाटी घराबाहेर जायची, मग आपल्या घरात कुणी चाखायची. पहिल्या वर्षी ती वाटी सेठिणीकडे गेली. दाणे, हरभऱ्याची डाळ, चिंच, गूळ घातलेली पातळ भाजी. सेठिणीने एक घास घेतला आणि दचकून विचारलं, "सब्ज़ी विच मिट्ठा किसने पाया?" भाजीत कुणी गूळ घालतं, हे तिला पटेचना. पुढल्या वर्षी मात्र ती स्वतःच वाटी घेऊन दारात उभी.

मग दोन हजार सोळा साली सरकारी कागद आला. क्वार्टर पाडणार, तिथे टॉवर होणार. भाऊसाहेबांमागे उल्काचे बाबा सरकारी नोकरीत लागले म्हणून क्वार्टर घरातच राहिलं होतं, बावन्न वर्षं. आता उठायचं. आजीने सामानाची बांधाबांध दोन दिवसांत केली, पण तिचे गुडघे गेलेले. ती उल्काला म्हणाली, "बाळा, तेवढे अळूचे गड्डे खणून पोत्यात भर. बाकी काही राहिलं तरी चालेल."

उल्का तेव्हा चौदाची. नुसती धुमसत होती. कुणी विचारलं होतं तिला, जायचंय का म्हणून? तिने डोकं चालवलं. अळू निघालं नाही तर आजी निघणार नाही. आजी निघाली नाही तर कुणीच निघणार नाही. ती खुरपं फेकून जांभळावर जाऊन बसली.

ट्रक आला. सामान चढलं. आजीने हाक मारली, "उल्के, पोतं कुठंय?" वरून उल्काने पाहिलं, आजी ट्रकपाशी पदर खोचून उभी आहे आणि निघणार आहे. अळू असो नसो, सगळे निघणार आहेत. तेव्हा तिला घाम फुटला. ती मागल्या बाजूने उडी मारून मार्केटात पळाली, भाजीवाल्याकडून दोन किलो अरबी घेतली, पोत्यात ओतली, वर परसातली माती चोपडली आणि पोतं आजीच्या पायाशी आणून टाकलं. आजीने मायेने त्यावर हात फिरवला. तो हात उल्काला नंतर कितीतरी वेळा आठवला.

द्वारकेच्या बाल्कनीत दोन जुन्या टबांत ते गड्डे रुजले, फोफावले. देठ हिरवेच आले. आजी म्हणाली, जागा बदलली की रंग बदलतो. त्या वर्षी गौरीजेवणाला जुन्या कॉलनीतली अकरा घरं आली. कुणी रोहिणीहून, कुणी नोएडाहून. पहिला घास सगळ्यांनी गिळला. दुसऱ्याला करोल बागचे गुणवंतकाका खाकरले. मग पंगतभर खोकला. कुणी घसा धरलाय, कुणी चिंच मागतंय, एका लहान मुलीने भोकाड पसरलं. आजी हातात डाव घेऊन मधोमध उभी. बावन्न वर्षांत असं झालं नव्हतं. उल्का मान खाली घालून ताकाचे ग्लास भरत होती.

शेवटी आजी म्हणाली, "पाणी. इथलं पाणी वाईट आहे."

सगळ्यांनी मान डोलावली. बिल्कुल, पाणीच वाईट.

दुसऱ्या दिवशी आजीने टबांतलं अळू उपटून टाकलं. पुढे दोन वर्षं गौरीला कुणाला बोलावलं नाही. पाण्यापासून जे सुरू झालं ते पसरतच गेलं. दूध पातळ, हिवाळा धुरकट, माणसं कोरडी. जी बाई भर मे महिन्यातसुद्धा "आमची दिल्ली" म्हणून कौतुक करायची, ती आता टीव्हीवर दिल्लीचं नाव आलं की तोंड फिरवायची. आणि प्रत्येक वेळी उल्का उठून बाल्कनीत जायची. एवढी मोठी दिल्ली आणि ती दोन किलो अरबीने नासवली होती, तीही हिने.

गौरीला चार दिवस उरले असताना तिने आजीला फोनवर बोलताना ऐकलं. पलीकडे पुण्याचा विलासकाका.

"गौरीला येतोयस ना, तेव्हा माझंही परतीचं तिकीट काढ रे. आता तुझ्याकडेच राहीन. माझी दिल्ली संपली. इथलं पाणीच मेलं."

उल्काने भरलेला ग्लास सिंकमध्ये आपटला. आई ओरडली, "फुटेल तो!" पण उल्का चपला घालून बाहेर पडली होती.

त्या दिवशी तिने पप्पीभैयाला सांगितलं, जेवायला जाते, आणि पत्र्यांच्या फाटकाकडे निघाली. गार्डने काठी आडवी धरली.

"कहां?"

"अंदर. मेरा घर है."

"अंदर तो कोई घर ही नहीं है."

"तो फिर रोक किसलिए रहे हो? चोरी करूंगी क्या, हवा की?"

गार्ड म्हातारा होता. त्याने तिच्याकडे बघितलं, मग आपलं पिवळं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं. "मशीन के उस तरफ मत जाना. दस मिनट."

आत काहीच ओळखू येईना. ब्लॉकच्या जागी विटांचे ढिगारे, मधून ट्रकांच्या चाकोऱ्या. कुठे हिरवळ, कुठे कुणाचं दार, काही नाही. उल्का एका जागी गोल फिरली आणि तिने एका विटेला लाथ मारली. अंगठा ठेचकाळला. मान वर केली तर समोर जांभूळ. बुंध्यावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेला, पण जांभूळ तेच. डावीकडची फांदी अजून तिच्या बसण्याएवढी वाकलेली.

जांभळापासून तेरा पावलं. लहानपणी सतरा होती.

तिथे निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या होत्या, कामावरच्या मजुरांच्या. मध्ये नळ, नळाखाली भांडी. आणि नळाचं पाणी जिथे वाहून जात होतं तिथे अळू होतं. काळ्या देठाचं, उल्काच्या छातीएवढं, ताटाएवढ्या पानांचं. आजीच्या हाताखाली नव्हतं इतकं माजलेलं.

"ए! क्या चाहिए?" विळा हातात घेतलेली एक बाई झोपडीतून बाहेर आली. तिशीतली, काटक, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली.

"ये अळू... ये पत्ते हमारे हैं," उल्का म्हणाली.

"तुमारा? ये कोचू मेरा है. पानी मैं देती."

"मेरी दादी ने लगाया है! पचपन साल पहले! महाराष्ट्र से लाके!"

"अच्छा? तो पानी देने आती थी दादी? तीन साल में तो नहीं देखा."

उल्काच्या डोक्यात तिडीक गेली. तिने सरळ पुढे होऊन एक देठ दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. गड्डा काही आला नाही. देठ कचकन मोडला आणि त्याचा चीक तिच्या मनगटापर्यंत ओघळला. अर्ध्या मिनिटात हात असे खाजायला लागले की ती नाचायचीच बाकी राहिली.

बाई विळा टाकून पोट धरून हसली. "कोचू से कुश्ती करती है!" मग तिनेच उल्काचे हात ओढून नळाखाली धरले, आतून चिंचेचा गोळा आणला आणि खसाखसा चोळला. "कोचू ऐसे नहीं लेते, पागल. मांगते हैं."

तिचं नाव मोमेना. बंगालमधल्या मालद्याची. नवरा इथे लोखंड बांधायच्या कामावर. आली त्या दिवशी विटांच्या ढिगाऱ्यात हे पान दिसलं तेव्हा तिला रडू आलं होतं, असं ती म्हणाली. दिल्लीत एवढे बाजार फिरली, गड्डे सगळीकडे, पान कुठे नाही. मग तिने भांडी घासायची जागा मुद्दाम इथे हलवली.

उल्का उकिडवी बसून हात चोळत राहिली. आणि जे तीन वर्षांत आईला नाही, बाबांना नाही, कुणालाच सांगितलं नव्हतं, ते तिने या अनोळखी बाईला सांगून टाकलं. जांभूळ, ट्रक, दोन किलो अरबी, पंगतीतला खोकला. आजीचं तिकीट.

मोमेना ऐकताना हसली नाही. म्हणाली, "परसों मशीन इधर आएगा."

"मग? म्हणजे... फिर?"

"फिर क्या. मैं तो निकाल ही रही थी." तिने झोपडीच्या आडोशाचं सिमेंटचं पोतं उघडून दाखवलं. ओल्या मातीत गड्डे, नीट एकाशेजारी एक. "गांव से एक बार लाई थी, नोएडा की साइट पे मर गया. अब ये मिला है, तो ये साथ जाएगा. साइट बदलता है, खाना तो नहीं बदलता न."

उल्काला ट्रंकेतला शालू आठवला. मोमेनाने सहा गड्डे मोजून वेगळे काढले, दोन जुड्या पानं कापली, ओल्या पोत्यात गुंडाळली आणि तिच्या खांद्यावर दिली.

"दादी को सच बोलना," ती म्हणाली. "नहीं तो ये भी काटेगा गले में."

मेट्रोच्या दारात सिक्युरिटीवाल्या बाईने पोत्यात डोकावून विचारलं, "ये क्या जंगल उठा लाई?" उल्का म्हणाली, "सब्जी है, मॅडम, प्लीज." तिच्या आयुष्यातलं ते पहिलं न भांडता म्हटलेलं वाक्य असावं. राजौरी गार्डनला गाडी बदलली. द्वारका येईपर्यंत तिने शंभर वेळा मनात वाक्यं जुळवली आणि शंभर वेळा मोडली.

आजी पलंगावर बसून बॅगेत साड्या ठेवत होती. उल्काने पोतं तिच्यासमोर जमिनीवर उघडलं. आजीने काळा देठ पाहिला. चष्मा वर केला, पुन्हा पाहिला. देठावरून बोट फिरवलं, वासही घेतला.

"हे कुठून आणलंस?"

"आपल्या परसातून."

"मग मी द्वारकेला लावलं होतं ते काय होतं?"

इथे उल्काने सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही, जसं घडलं तसं भसाभसा आलं. शेवटी म्हणाली, "पाणी चांगलंय, आजी. मीच वाईट."

आजीने हातातला देठ पोत्यात परत ठेवला. आई दारात येऊन उभी राहिली होती. मग आजीचा आवाज चढला, आणि असा चढला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"सोसायटीच्या सेक्रेटरीला मी तीन पत्रं लिहिली! तीन! त्या बिचाऱ्याने दोनदा टाकी उपसून घेतली! तीन वर्षं मी या शहराला शिव्या घातल्या, आणि तू ताक भरत होतीस? मुकाट?"

"घाबरले होते."

"तू? तू घाबरलीस? मॅडमचं पुस्तक फेकताना नाही घाबरलीस ती?"

"तू जाशील म्हणून घाबरले होते."

आजीने तोंड फिरवलं आणि परत साड्यांच्या घड्या घालायला लागली. एका साडीची घडी तिने चार वेळा घातली. मग पाठमोरीच उल्काच्या आईला म्हणाली, "अरुणा, चिंच भिजत घाल. आणि ही जी महामाया आहे ना, तिला फोन दे. अकरा घरं. प्रत्येकाला हिने स्वतः सांगायचं, काय केलं ते. आणि जेवायला बोलवायचं."

अकरा फोन! रोहिणीच्या सुमित्राकाकूंनी बारा मिनिटं झाडलं. नोएडाचे काका इतके हसले की फोन पडला. गुणवंतकाका म्हणाले, "येतो, पण चिंच खिशात घेऊन येतो." उल्काचे कान लाल झाले होते, तरी तिने एकही फोन मध्ये ठेवला नाही. आजी शेजारी बसून नावांवर खुणा करत होती. तिकिटाबद्दल मात्र एक शब्द काढला नाही. बॅगही बंद केली नाही, रिकामीही केली नाही. ती तशीच अर्धवट पलंगाखाली.

गौरीजेवणाच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. विलासकाका पुण्याहून आला होता, दुसऱ्या दिवसाची दोन तिकिटं खिशात घेऊन. आजीने भाजी रटरटवली ती नळाच्याच पाण्यात, मुद्दाम सगळ्यांना दाखवून. पातेलं उतरल्यावर तिने आधी एक स्टीलचा डबा भरला, झाकण घट्ट लावलं आणि बाजूला ठेवला.

"हा कुणाचा?" विलासकाकाने विचारलं.

"बाहेरचा," आजी म्हणाली.

मग पंगतीत वाढलं. कुणी वाटीला हात लावेना. सगळे गुणवंतकाकांकडे बघत होते. त्यांनी एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. उल्का ताकाचा जग छातीशी धरून उभी होती आणि तिचाच घसा खवखवत होता. काकांनी वाटी बोटाने निपटली आणि पुढे केली.

"वहिनी, अजून. आणि दाणे खाली बसलेत, तळातलं वाढा."

मग जो गलका झाला! सगळे एकदम बोलायला लागले, खाटा, तंदूर, सेठिणीची टाके चुकवणारी बडबड, गुणवंतकाका कधी तरी जांभळावरून पडले होते ते. उल्काला क्षणभर वाटलं, भिंतीच्या पलीकडे परसू असणार. आजी डाव घेऊन मधोमध उभी होती. तिने ताटात वाढून न घेता, उभ्या उभ्याच एक चमचा चाखला. डोळे मिटले.

"विलास," ती म्हणाली, "तू उद्या एकटाच जा रे. हे सहा गड्डे रुजेपर्यंत मला हलता यायचं नाही. पहिलं वर्ष कुणाच्या भरवशावर सोडायचं नसतं."

"आई, अगं पाणी वाईट म्हणत होतीस ना इथलं?"

"म्हणत होते." आजीने उल्काकडे रोखून पाहिलं. मग तिला एकदम हसू फुटलं. "सेठीण झाली की रे माझी! तिचं लायलपूर न् माझं सरोजिनी. पाणी ते पाणी."

दुसऱ्या दिवशी उल्का डबा घेऊन पत्र्यांच्या फाटकाशी पोचली. गार्डने न विचारता हेल्मेट दिलं. परसाच्या जागी मशीनने मोठा खड्डा केला होता, अळूचं नामोनिशाण नव्हतं. जांभूळ तेवढं अजून उभं होतं. ताडपत्र्या दुसऱ्या टोकाला हलल्या होत्या. नळ नवा, आणि नळाखाली चिखलात सात-आठ काळे कोंब नुकतेच खोचलेले. मोमेनाने विटेवर बसून डबा उघडला, बोटाने भाजी चाखली आणि तोंड वाकडं केलं.

"इसमें मीठा किसने डाला?"

एरवी उल्काचा पारा चढला असता. आज ती खो खो हसत खालीच बसली.

"खाओ चुपचाप. अगले साल खुद कटोरा लेके आओगी."

"किधर?"

"द्वारका. सेक्टर बारा, छठा माला," उल्का म्हणाली. "पानी बहुत अच्छा है उधर का."